छताखालची बादली

४ मे, जळगाव
धुळ्याहून बदली झाली आणि दैव उघडलं. दैनिकाने बातमीदारासाठी दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवला आहे. बायको धुळ्यालाच, म्हणजे गृहस्थाश्रमात राहून वानप्रस्थाचं सुख. बाहेर ऊन असं की कावळाही बोलेनासा झालेला, नळाला पाणी चार दिवसांआड, आणि माझ्या बाथरूमचं छत मात्र टपटप गळतंय! वरुणदेवाने नवा पत्ता शोधून काढलेला दिसतो. खाली बादली ठेवली. संध्याकाळी काठोकाठ.

६ मे
वरचा फ्लॅट हितेंद्रचा. कुलूप आहे, स्वारी बायकोपोरांसह मनालीला. बोअरवेल त्याची स्वतःची, टाकी स्वतःची, पंप आपोआप चालणारा, शेजाऱ्याला तांब्याभर द्यायचा नाही. त्यामुळे इमारतीत आनंदीआनंद. समोरच्या नूतनताई दोन हंडे घेऊन आल्या. खालच्या मजल्यावरचे गिरधर आबा म्हणाले, “भाऊ, आमनाकडेबी थोडं गळू द्या ना!” झुलाल प्लंबरचं मत पडलं की वर नळ चालू राहिलाय, कुलूप तोडावं. मीच म्हणालो, परद्रव्याला हात लावणं पाप. ते आपणहून चालत आलं तर गोष्ट वेगळी. सगळे हसले. कुलूप राहिलं.

८ मे
वरून ठोके येतात. तीन, थांबून पुन्हा तीन. गंमत म्हणून झाडूच्या दांड्याने मीही छताला दोनदा ठोकलं. तर वर केवढी धांदल, ठोक्यांवर ठोके! उंदीर मोठे संभाषणप्रिय आहेत.

१२ मे
ठोके बंद. पाणी उत्तम.

१५ मे
हितेंद्र परतला. कुलूप उघडलं. बाथरूममध्ये त्याची आई, भागाबाई. मांडीचं हाड मोडलेलं. मोरीच्या तोंडात लुगडं कोंबलेलं. हातात तांब्या.
लेकाला वाटलं, आई आधीच पाचोऱ्याला बहिणीकडे गेली, म्हणून बाहेरून कुलूप लावून निघाला. बहिणीला वाटलं, आई भावाबरोबर मनालीला.
कुणीतरी वर यावं म्हणून तिने पाणी तुंबवलं होतं. आम्ही हंडे भरले.
बातमी मीच दिली. चार ओळी. बादलीचा उल्लेख केला नाही.

१९ मे
वरचा पंप, नळ, सगळं बंद आहे. छत खडखडीत कोरडं. बादली मात्र भरते.

२२ मे
पुन्हा ठोके. तीन.
रजा घेतली. ऑफिसात वाटतं, मी धुळ्याला चाललो. बायकोला वाटतं, मला रजाच नाही. कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. उद्या पिंपळनेरला जुन्या मित्राकडे, मोतीलालकडे जाईन, न कळवताच.

२३ मे
ठोके लिहून ठेवावेत म्हणून वही घेऊन बाथरूममध्ये बसलो. बातमीदाराची खोड. दार लागलं. बाहेरून कडी सरकली, स्पष्ट ऐकली — घरात मी एकटाच —
मोबाइल बाहेर. आरडाओरडा केला. इमारतभर कूलरांची घरघर.

२४ मे?
दार हलत नाही. घसा गेला. नुसती हवा येते.

—
नळाला पाणी आलं! सोडून दिलं. धोतर मोरीत कोंबलं. झिरपेल, खाली आबा आहेत —
तांब्याने फरशीवर तीन. पुन्हा तीन.

उत्तर आलं! झाडूचा दांडा — दोनदा! आबा, अहो आबा, मी —

हसताहेत. नूतनताईंना हाक मारताहेत, हंडे आणा म्हणून —
बादली सरकवल्याचा