पुढची सीट

गुहागर,
२० जुलै २०२५

प्रिय पंचफुला,
सप्रेम जय भीम.

मी खुशाल आहे, गाडीही खुशाल आहे. फोनवर तू ‘जेवले का?’ विचारून लगेच ठेवतेस, म्हणून हे पत्र. सूनबाई रेणुकाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा शोध आणि तूच वाच.

समुद्र पाहिला गं! तू चिडवायचीस ना, ‘धाड-बुलढाणा, बुलढाणा-धाड, तुमचा रस्ता सरत काऊन नाई हो?’ इथे तो सरला. पुढे नुसतं पाणी, आणि पलीकडे काठच नाही. लाटेचा आवाज तळपायांतून छातीपर्यंत चढतो. बासष्ट वर्षांचा बाप्या मी, चप्पल हातात घेऊन उभा राहिलो आणि घळाघळा रडलो.

सध्या सीझन नाही. हॉटेलांना कुलपं, होड्या झावळ्यांखाली झाकलेल्या. खानावळवाल्या अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात जीप लावली आहे. तीस वर्षं जी सवाऱ्यांनी भरल्याशिवाय स्टँडवरून हलवली नाही, ती रिकामी घेऊन एवढ्या लांब आलो! मागच्या बाकड्यांच्या जागी फळी ठोकली, तिच्यावर मी, स्टोव्ह, तांदूळ आणि ओले कपडे. पाय लांब होत नाहीत. काल बाई म्हणाल्या, “पुढची सीट मोकळी आहे की, सामान तिथे ठेवा.” मी नाही ठेवलं.

रोज टपावरची सायकल काढून भटकतो. चढ आला की हातात धरून नेतो. परवा एका वळणावर ऊन पडलं आणि खालचं करडं पाणी बघता बघता हिरवंगार झालं. मी मोठ्याने ओरडलो, “पाह्य ना, पाह्य!” शेजारी कोणी नव्हतं.

आता खरं ते लिहितो. एकोणीस वर्षांपूर्वी तुझी आई बुलढाण्याला दवाखान्यात होती. तिला भेटायला तू पुढच्या सीटवर बसली होतीस. दोन सवाऱ्या आल्या आणि मी तुला उतरवलं. ‘पुढच्या खेपेले नेतो’ म्हणालो. पुढच्या खेपेपर्यंत आई राहिली नाही. तू भांडलीसुद्धा नाहीस. फक्त माझ्या गाडीत पुन्हा बसली नाहीस. आता निघतानाही म्हणालीस, ‘जा तुम्ही. मले एसटीच बरी.’

माझं चुकलं, पंचफुला. फार चुकलं.

तर एसटीनेच ये. मी सायकल घेऊन स्टँडवर उभा राहीन. एकदा या पाण्यापुढे उभी राहा, मग परत कसं जायचं ते तू ठरव. मी इथेच आहे. आपल्या धंद्याचा नियम तुला ठाऊक आहे, सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही.

तुझी सीट राखून बसलेला,
शंकर