इंजिन उतरलंच आहे, तर

प्रिय लेकरा,

दर रविवारी फोनवर तब्येत, हवा आणि गोळ्या एवढे तीन धडे वाचून झाले, की आपण दोघंही गप्प होतो. मग तू ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस. पत्रात ते तुला मध्येच म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

गाडी दुरुस्तीला काढली आहे. हो, तीच. त्या चढावर तुझ्या हातात इंजिन जाम झालं, तेव्हापासून ती अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, आणि तिच्याबद्दल आपण एक अक्षरही बोललो नाही. तुझी आई गेल्यावर घर इतकं मुकं झालंय, की मी चमचा मुद्दाम आपटून ठेवतो. म्हटलं, निदान एक आवाज तरी परत आणावा. चार सिलिंडर, चार मात्रा. आठवतं? गाडी दारात उभ्या उभ्या गरम व्हायची, आणि तू बॉनेटवर हात टेकून त्या ठेक्यावर शाळेतली कविता घोकायचास. ठेका चुकला, की तू अडखळायचास आणि मला कळायचं, प्लग साफ करायला झालाय.

मिस्त्री माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला दटावतात आजोबांसारखे. मी त्यांचं नाव ‘उतरलंच-आहे-तर’ ठेवलंय. इंजिन उतरलंच आहे, तर क्लचची प्लेट बदलू. एरवी त्यासाठी परत सगळं खोलावं लागेल. उतरलंच आहे, तर खालची रबरं बदलू, मागचं गळणारं ऑइल सील बदलू, बॉनेटखालचा गंज घासून रंग मारू. कामं रास्तच होती. पण खरं सांगू? मी हो म्हणत गेलो त्याचं कारण निराळं. सकाळी नऊला ते माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवतात. माझी वाट पाहणारं सध्या तेवढं एकच ठिकाण आहे. मी एखादी कविता सुरू केली, की ‘काका, आधी तो बारा नंबरचा पाना द्या, मग रडवा आम्हाला,’ असं म्हणतात. पण कडवं पुरं होईपर्यंत हातोडी उचलत नाहीत.

त्यांची कामं संपत आली, तेव्हा मीच नवी शोधून काढू लागलो. दिव्यांच्या वायरी झाल्या, दारांच्या बिजागऱ्या झाल्या. शेवटी रेडिएटर. ते म्हणाले, जुना भंगारात टाकू, नवा बसवू, तासाभराचं काम. मी हटून बसलो, जुनाच साफ करायचा. त्याला दोन दिवस लागतात ना! ‘काका, तुम्हाला गाडी हवीये की गॅरेज?’ असं म्हणत त्यांनी तो टेबलावर आडवा टाकला आणि खालच्या तोंडात वाकडी तार घातली. तारेला काहीतरी अडकलं. ओढता ओढता गंजानं लाल झालेला कापडाचा बोळा बाहेर आला. मिस्त्री भडकलेच. ‘कुठल्या गाढवानं कोंबला हा? पाणी फिरणार कसं? इंजिन जळेल नाही तर काय होईल!’

मी तो बोळा नळाखाली धुतला. कापडावर निळी जहाजं होती.

तुझ्या लहानपणच्या पायजम्याची ती जहाजं, लेकरा. जुन्या कपड्यांची फडकी करायची आणि पाईप काढला, की धूळ जाऊ नये म्हणून उघड्या तोंडात बोळा घालायचा, ही माझी सवय. गाडी चढावर बंद पडली, त्याच्या आदल्या रविवारी मी रेडिएटरचा खालचा पाईप बदलत होतो. तोंडात एक कविता घोळत होती आणि तिसरी ओळ काही केल्या आठवेना. ती बघायला तुझं जुनं पाठ्यपुस्तक शोधत मी घरात गेलो. ओळ सापडली. त्याच आनंदात बाहेर येऊन मी नवा पाईप चढवला आणि पट्टी आवळली. बोळा आतच राहिला.

आणि दोन दिवसांनी त्या चढावर, तुझ्या काकांसमोर, जमलेल्या लोकांसमोर मी तुला काय म्हणालो, ते इथे लिहायची गरज नाही. ते तुला माझ्याहून जास्त पाठ असेल. तू एकदाच म्हणालास, ‘बाबा, मी पाणी भरलं होतं.’ मी म्हणालो, खोटं तरी धड बोल. त्या संध्याकाळी तुझी आई मला म्हणाली, ‘तो खोटं बोलत नाही हो.’ मी पुस्तक वाचत असल्याचं सोंग केलं. महिनाभरात तू लांबची नोकरी धरलीस.

काल मी मिस्त्रींना सांगितलं, ते गाढव मीच. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, ‘मला कशाला सांगताय? मी कुठे तुमच्यावर रुसलोय?’ गाडी आता पुरी जोडून झाली आहे. उद्या ती सुरू करायची, आणि उद्यापासून स्टूल दुसऱ्या कुणासाठी. जास्तीचं म्हणून एकच काम माझ्याकडे उरलं होतं, ते हे. जहाजांचा एक तुकडा पाकिटात घातला आहे. तू ये, असं लिहीत नाही. ते म्हणायचा हक्क मी त्या चढावरच सांडला. फक्त एवढंच, जे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं: त्या दिवशी तू पाणी भरलं होतंस.

तुझाच,
बाबा