आधी एक वीत

पिंप्राळा, जळगाव
११ फेब्रुवारी १९९१

प्रिय तोताराम,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दातओठ खाऊन देतेय असं समज. तुझे दाजी काल धुळ्याहून परत आले. चार दिवस कुंपण घासून बोटांची सालं निघालीत आणि हा माणूस तुझ्याबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढत नाही. म्हणून मीच लिहायला बसले. येत्या रविवारी दोंडाईच्याची मंडळी आपल्या रंजनाला बघायला येणार. तू मामा म्हणून हे स्थळ आणलंस, खरं तर मी आनंदात असायला हवं. पण आधी कुंपण.

धुळ्याच्या चुडामण नानांच्या बंगल्याचं ते सागवानी कुंपण वीस वर्षं उन्हापावसात उभं आहे. राखाडी पडलेलं, प्रत्येक खिळ्यापासून काळे ओघळ उतरलेले, जमिनीपाशी फळ्या भुसभुशीत. आणि तू काय सांगून आलास? "नाना, फिकर करू नका, बठ्ठं नवं व्हई जाई." अरे, सगळं नवं कसं होईल? तू लाकूड धुणार होतास की सागाचं झाड नव्याने लावणार होतास? दाजी काम कसं घेतात ते तू त्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं बघतोयस. सगळ्यात खराब फळी निवडायची, तिच्यावर खिळ्याजवळची वीतभर जागा सोड्याच्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने धुवायची, आणि दोन दिवस उन्हात तशीच सोडून घरी यायचं. वाळली की मालकाचं बोट त्या जागेवर ठेवून सांगायचं, एवढंच होईल, याहून जास्त होणार नाही. हा डाग फिका होईल पण जाणार नाही, ही चीर राहील. पटलं तर पुढचं काम. तू त्यांना वीतभर दाजी म्हणून चिडवतोस. त्या वीतभर जागेवरूनच किती गिऱ्हाइकं परत गेली हे मलाही ठाऊक आहे, मीही त्यांच्यावर चिडलेय. पण जी राहिली त्यातलं एकही कधी दारात भांडायला आलं नाही.

तू मात्र एका दिवसात सगळं कुंपण धुतलंस आणि संध्याकाळी ओलं असतानाच नानांना दाखवलंस. ओलं सागवान कोणालाही आवडेल! नाना खूश, तू खूश, शेजारीपाजारी बघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाळलं आणि पट्टेरी निघालं. एक फळी पांढुरकी, दुसरी पिवळी, काळे ओघळ होते तिथेच. त्यावर तू काय करावंस, तर तारेचा ब्रश घेऊन डाग खरवडायला बसलास! लाकडाची सगळी लव उठली. नानांच्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर. स्वतःचंच कुंपण ओळखू न येऊन ते फाटकात उभे राहून म्हणाले, "हाई मनं कुंपण शे का रे?" आणि तू दाजींना निरोप धाडून एस.टी.ने थेट दोंडाईचा गाठलंस, स्थळाच्या कामाला. कमाल आहे तुझी.

दाजींनी ती लव पॉलिशपेपरने काढली, जवसाचं तेल दिलं, आणि नानांना एकेक डाग दाखवून हा राहणार, हाही राहणार असं सांगत कुंपणाला फेरी मारली. शेवटी नाना काय म्हणाले ते ऐक. म्हणे, हे डाग मला वीस वर्षं माहीत आहेत, ते जातील असं कोणी सांगितलं नसतं तर मला त्यांचा रागच आला नसता. दाजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि जेवायला बसले.

आता खरं कारण. परवा तुझं पार्सल आलं. रंजनासाठी पोलक्याचं कापड, बाह्या मनगटापर्यंत शिवा अशी ताकीद, आणि पोहे उजव्या हाताने द्यायचे, डावा हात पदराखाली ठेवायचा, अशी चिठ्ठी. म्हणजे तिच्या डाव्या हाताचा भाजल्याचा डाग तू दोंडाईच्याला सांगितलेलाच नाहीस. तिथेही बठ्ठं नवं! तोताराम, ती चार वर्षांची होती, तू चौदा वर्षांचा. पॉलिशसाठी तापवलेलं जवसाचं तेल तू चुलीवरून उतरवायला गेलास आणि ती मागून येऊन तुला बिलगली. मी तुला तेव्हा बोलले नाही, आजही बोलत नाही. तुला तो डाग बघवत नाही म्हणून तू झाकतोस, हे मला कळतं रे, आणि कळतं म्हणूनच रागावताना रडू येतं. पण लग्न झाल्यावर तो त्यांना दिसणारच, दुसऱ्या दिवशी दुपारीच. तेव्हा ऐकून घ्यायला तू तिथे नसशील, ती असेल. तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर दोंडाईच्याला जा. हात भाजलेला आहे, त्या हाताने ती सगळी कामं करते, डाग जाणार नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांग. मग यायचं असेल तर येऊ देत, पोहे तयार ठेवते. नसेल यायचं तर राहू देत. तुझं कापड मात्र वाया गेलेलं नाही. पोलकं शिवून झालंय, मापं रंजनानेच दिली. बाही कोपराच्या वर आहे.

तुझीच, रागावलेली,
कमलअक्का