पिवळ्या पट्टीचा अडाप्टर

जुळे सोलापूर,
५ सप्टेंबर २०२५

चि. शिवू,

आशीर्वाद. सिद्धेश्वरी सूनबाईची सर्दी उतरली का? तिला म्हणावं, काढ्यात गूळ घाल, मग जाईल घशाखाली. इथं पाण्याची बोंब आहेच, बाकी मी बरी आहे.

तू पाठवलेला चार्जरचा डबा मिळाला. एका प्लगवर पाच वायरी! तू म्हणालास, "अप्पांच्या टेबलाखालचा पसारा आधी आवर, दिवाळीत तुला कायमची पुण्याला आणतो." पसारा आवरला. पुण्याला यायचं पुढं लिहिते.

मंजुनाथला बोलावलं होतं. तुझ्या अप्पांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर चादरींची डिझाइनं शिकला, तोच. टेबलाखाली शिरला आणि ओरडला, "काकू, लई जंजाळ हाय की हितं! आन् ह्या चिंध्या कशाला बांधल्यात? काढून टाकू?"

"हात लावू नको. चिंध्या न्हाईत त्या, नावं हायत."

तुला आठवतं ना? अडाप्टर सगळे काळे, एकसारखे, वरचं बारीक इंग्रजी मला वाचता येईना. म्हणून अप्पांनी चादरीच्या किनारीच्या पट्ट्या बांधल्या. स्कॅनरला लाल, त्याच्या अडाप्टरलाही लाल. स्पीकरला निळी, मॉडेमला हिरवी. ते कारखान्यातनं फोन करायचे, "हिरवं काढून परत लाव गं." मी लावायची.

मंजुनाथनं सगळं डब्याला जोडलं. प्रिंटर तेवढा त्यावर चालत नाही म्हणाला. जुने अडाप्टर त्यानं पिशवीत भरले. पट्ट्या मी सोडवून नव्या वायरींना बांधल्या. शेवटी पिवळ्या पट्टीचा एक उरला. त्याची वस्तू मंजुनाथला सापडेना.

"बिनकामाचा हाय, द्या की."

"राहू दे," म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

वस्तू मला माहीत होती. टेबलाच्या कडेला अडकवायचा चिमट्याचा दिवा. अप्पा डिझाइन काढायचे, तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर वाचत बसायची, त्याच दिव्याच्या उजेडात. ते गेल्यावर मीच तो कपाटात चादरींच्या खाली ठेवला. तू फोनवर विचारायचास, "आई, वाचतेस ना?" मी म्हणायची, "वाचते की." शिवू, तेव्हापासून एक पान वाचलं नव्हतं रे.

मंजुनाथ गेल्यावर दिवा काढला, पुसला, तुझ्या डब्याला लावला. लागला. त्यांच्या खुर्चीत नाही, माझ्या स्टुलावरच बसले. थोडंच वाचलं. मधेमधे चष्मा पुसावा लागत होता.

म्हणून कायमची येत नाही. रागावू नकोस. दिवाळीला पाहुणी म्हणून येईन, सिद्धेश्वरीला शेंगाचटणी घेऊन. पण परत सोलापूरला येईन. माझी बसायची जागा आत्ता कुठं मला सापडलीय.

पिवळ्या पट्टीचा अडाप्टरही मंजुनाथला देऊन टाकते आता. डब्याची एक वायर रिकामी आहे. तो तिथं माझा मोबाईल लावत होता, मी लावू दिला नाही. तिला केशरी पट्टी बांधलीय. येशील तेव्हा तुझा लाव.

इथंच वाट बघणारी,
तुझी आई