धायरीला ऊन खायला

निशा,

मी धायरीच्या घरी चाललोय. घाबरू नकोस, तब्येत बरी आहे. स्वारगेटला बस बदलून जाईन.

तू दिलेलं पावलं मोजायचं घड्याळ टेबलावर ठेवलंय. काल माझी पावलं बघून तू खूश झालीस, पण ती मथुराबाईंची होती. फरशी पुसताना मीच त्यांना घड्याळ घालायला लावलं. त्यांना बोलू नकोस.

सकाळच्या गोळ्या घेतल्या. ओट्स मात्र गिळवले नाहीत. डी व्हिटॅमिनची पावडर तू न चुकता दुधातून देतेस, आणि ऊन लागेल म्हणून गॅलरीत बसू देत नाहीस. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर मी सोफ्याभोवती फिरायचं. बाळा, इथे माझा जीव कोंडतो.

तुझी आई गेली तशी तू मला खराडीला घेऊन आलीस. तिच्यामागोमाग मीही जाईन, ही तुझी धास्ती मला कळते. म्हणून इतके दिवस काही बोललो नाही. तोंडावर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी पुन्हा थांबलो असतो.

तिथे दारात ऊन येतं. मंडईपर्यंत चालत जाईन, मेथी आणेन. भाकरी मला थापता येते. गोळ्यांचा डबा सोबत नेतोय, रोज फोन करेन.

तू न्यायला आलीस तर मी मुकाट्याने तुझ्या मागे येईन, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून निदान आठ दिवस तरी येऊ नकोस.

आप्पा