परत पाठवलेली रक्ताची पिशवी

प्रिय धाकटे,

मी ठणठणीत आहे. आई गुडघ्याच्या गोळ्या घेते, की अजून उशीखाली लपवते?

आमच्या वॉर्डात एक शिंपीण आहे. पोटातली गाठ काढायची होती, पण दुसऱ्याचं रक्त घेणं तिच्या धर्माला मान्य नाही. मला वाटलं, नवऱ्याचा धाक असेल. रीतीप्रमाणे त्याला बाहेर काढून तिला बजावलं, "बाई, मराल अशानं."

"ठाऊक आहे. आमचे हे बिचारे रडून 'घे' म्हणतात. तुम्ही नका रडू, शोभणार नाही तुम्हाला."

माझ्यासमोर तिनं नकाराच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पिशवी लावा. ती बेशुद्ध आहे, तिला कुठं कळणार?"

"मला कळेल," मी म्हटलं आणि पिशवी परत पाठवली. डॉक्टरांनी मग रक्ताशिवायच ऑपरेशन पुरं केलं. हे आईला सांगू नकोस.

आज तिसरा दिवस. ती पांढरीफटक पडली आहे, भरवसा देता येत नाही. तिचं म्हणणं मला अजून पटत नाही, पण इतकं ताठ माणूस मी पाहिलं नाही. जगली तर ती देवाचे आभार मानेल आणि मी चक्क वाद घालणार नाही.

तुझी,
खाष्ट ताई