अंगठा नव्हे, सही

मी, चारुता शिरीष टिपणीस, वय ६९, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहणार क्वेकर्स हिल, सिडनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता आणि अत्यंत संतापून, डाव्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. संतापाला दाखला लागत नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने माझा उजवा हात निकामी झाला. डोके नाही. हे लिहून ठेवावे लागते, कारण माझा एकुलता एक मुलगा सलिल, राहणार क्रेगीबर्न, तेव्हापासून माझ्यादेखत माझ्याविषयी बोलतो. आईला एकटीला झेपत नाही, घर विकू, आईला चांगल्या एज्ड केअरमध्ये ठेवू. मी तिथेच खुर्चीत बसलेली असते.

२. मला झेपते. ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो लावून घेतले. दुधाची बाटली ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर मांडीने दाबला की झाकण एका हाताने फिरते. पोळ्या जमेनात, तेव्हा घावन घालू लागले. चाकूला दोन हात लागतात, एक भाजी धरायला आणि एक चिरायला. विळीचे पाते जागचे हलत नाही, भाजीच त्याच्याकडे न्यायची. म्हणून सासूबाईंची विळी मी ओट्यावर चार बोल्टांनी पक्की बसवून घेतली. बोल्ट किती जाडीचे हवेत, याचे गणित मी स्वतः केले.

३. गेल्या हिवाळ्यात मी न्यूमोनियाने आठवडाभर हॉस्पिटलमध्ये असताना सलिलने ती विळी उखडली आणि काउन्सिलच्या कचरागाडीसाठी घराबाहेरच्या गवतावर, जुन्या गाद्यांशेजारी ठेवली. का, तर धोकादायक आहे. तिच्या जागी महागडा इलेक्ट्रिक चॉपर आणला. त्याचे भांडे एका हाताने धरून दुसऱ्या हाताने झाकण फिरवावे लागते. शेजारच्या मितालीने विळी ओळखून उचलली, म्हणून वाचली. घरी येताच मी ती ओट्यावर पुन्हा बसवून घेतली.

४. गेल्या महिन्यात सलिल घरविक्रीचे मुखत्यारपत्र आणि शाईचे पॅड घेऊन आला. पुण्याच्या बँकेत आजोबांचा अंगठा चालला होता, हे त्याच्या डोक्यात. म्हणाला, "आई, तुझी सही आता जुळणार नाही. जस्ट अंगठा दे, नो वरीज."

एकतीस वर्षे मी पुलांच्या ड्रॉइंगवर सह्या केल्या. मी त्याला म्हटले, "माझ्या सहीवर पूल उभे आहेत. तू त्यांच्यावरून गाडी नेतोस." तो म्हणाला, आई, इमोशनल होऊ नकोस.

नात ईशानी, वय १९, सोबत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या ओढणीने स्वतःचा उजवा हात कमरेला बांधला आणि दुपारपर्यंत सोडला नाही. चॉपरचे झाकण तिला एका हाताने बसवता आले नाही. विळीवर तिने काकडी चोचवली, ओबडधोबड, पण कोशिंबीर झाली. मग बापाला म्हणाली, "डॅड, आजी इज फाइन. यू आर द वन नॉट कोपिंग." सलिल फोन घेऊन बॅकयार्डात गेला. मी रडले. तेही रागानेच.

५. सबब, मी जिवंत असेपर्यंत याच घरात राहीन. माझ्या पश्चात घर, विळी आणि माझी ड्रॉइंगची पेने ईशानीची. विळी काढताना बोल्ट हळू सोडवावेत.

६. बँकेतील ठेवी सलिलच्या. तो माझा मुलगा आहे, हे मी रागातही विसरलेले नाही. अट एकच: त्याने उजवा हात बांधून एक पूर्ण दिवस माझ्या स्वयंपाकघरात काढावा, दोन वेळचे जेवण करावे आणि ईशानीला वाढावे. सॉलिसिटर म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणे अवघड आहे. न टिको. त्याला वाचावी तर लागेल.

७. माझे पती कै. शिरीष यांना मी माफ करते. दोन धडधाकट हात असून त्यांनी चाळीस वर्षांत एक काकडी चिरली नाही. सलिल ते बघतच मोठा झाला, आणि मी ते चालू दिले. एवढी चूक माझी.

८. मिताली साक्षीदार असल्याने तिला या पत्रान्वये काही देता येत नाही. तिचा कोशिंबिरीचा डबा दर शनिवारी चालू आहे.

९. चॉपर, खोक्यासह, सलिलला. शाईचे पॅडही त्यालाच परत. उघडलेले नाही.

खालील सही माझ्या जुन्या सहीशी जुळत नाही. ती जुळवण्यासाठी केलेलीच नाही. तीन वह्या भरून ही नवी बसवली आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष, कुणीही हात न धरता, मी ती करत आहे.

सही: चारुता शि. टिपणीस

साक्षीदार:
१. मिताली गडकर, शेजारी
२. हृषिकेश वर्तक, फार्मासिस्ट

स्थळ: माझे स्वयंपाकघर, क्वेकर्स हिल
दिनांक: १४ मार्च २०२५

अंगठ्याचा ठसा: लागू नाही.